डाव्या पायाचं बोट आणि आजची भाकर

डॉक्टर गोडबोल्यांनी आधी रिपोर्ट वाचला नाही. त्यांनी माझ्या नवऱ्याला, पास्कलला, डाव्या पायाचा मोजा काढायला सांगितला.

मोज्याला आठवडाभर डाग पडत होता. रविवारी चर्चमध्ये मिस्साला घालायचे काळे बूट चावले असतील, असं आम्ही धरून चाललो होतो. ते बूट लग्नातले, आणि लग्नानंतर आम्ही दोघंही सगळ्याच बाजूंनी वाढलो होतो. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली जखम होती, कडेने पांढरी, मध्ये खोल. डॉक्टरांनी तिच्या आसपास टाचणी टोचली.

"दुखतं?"

"नाही," पास्कल जरा अभिमानानेच म्हणाला.

"तेच वाईट आहे," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी रिपोर्ट उघडला.

डायबेटिक अल्सर, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे रक्तातली साखर इतके दिवस वाढलेली होती की पायाची जाणीव बोथट झाली होती, आणि झालेली जखम भरून येत नव्हती. गोळी सुरू करायची, रोज ड्रेसिंग करायचं, त्या पायावर भार द्यायचा नाही आणि वजन उतरवायचं. साखर आटोक्यात आली तर बोट वाचेल. काळं पडायला लागलं तर काढावं लागेल.

मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्हीही काट्यावर या. स्वयंपाक एकच होतो ना घरात?" मी चपला काढून उभी राहिले. कंपाउंडरने माझं वजन इतक्या खणखणीत आवाजात वाचलं की बाहेर बाकावर बसलेल्यांनाही कळलं असणार. लाजेपोटी मी आयुष्यात कधी वर्गात हातही वर केला नव्हता.

रिक्षात पास्कल म्हणाला, "आडनाव गोडबोले, आणि पहिलं काय, तर गोड बंद." वसईला त्याच्या वडिलांचं आधी बोट गेलं होतं, मग पाऊल. सणाच्या मिरवणुकीला ते ओटीवर खुर्चीत बसून राहायचे, आणि पास्कल त्यांच्यापाशी थांबायचा. मला हे माहीत होतं. त्याने सांगितलेलं नव्हतं, सासूबाईंनी सांगितलं होतं.

हे मी लिहिते आहे ते ज्यांच्या घरी असाच एखादा मोजा धुवायला पडला असेल त्यांच्यासाठी. तो धुऊ नका. आधी पाय बघा.

तेव्हा आम्ही डोंबिवलीला दोन खोल्यांत राहत होतो. पास्कल एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात होता. पायामुळे त्याला तिथे बसून करायचं काम मिळालं होतं आणि तो रिक्षाने ये-जा करायचा. मी ठाण्यात, कॉन्व्हेंटमध्ये वाढले. माझ्या सगळ्या प्रार्थना इंग्रजीत पाठ होत्या, त्याच्या मराठीत. त्यामुळे घरात जेवणाआधी तोच प्रार्थना म्हणायचा आणि मी शेवटी आमेन म्हणायचे. मला ते सोयीचं होतं.

घरी साखर बघायला डॉक्टरांनी निळं सोल्यूशन दिलं होतं. परीक्षानळीत ते घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे आणि गॅसवर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटेचा रंग. बाटलीवर बेनेडिक्ट हे नाव वाचून पास्कल म्हणाला, "हा तर आपल्यातलाच निघाला." पण नळी रोज विटेच्याच रंगाची व्हायची.

त्याच आठवड्यात राखेचा बुधवार आला. आमचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला. आम्ही ठरवलं की यंदा नुसतं मटण सोडायचं नाही, खरा उपास करायचा. खरा उपास कसा करतात हे दोघांनाही नीट ठाऊक नव्हतं. आमच्यात एक वेळ पोटभर जेवून बाकी वेळा थोडं खातात. मला ते फारच सोपं वाटलं. शेजारच्या सुलभाकाकू आठवड्यातून दोनदा उपास करायच्या आणि त्या सडपातळ होत्या. म्हणून मी त्यांना विचारलं.

"अगं, त्यात काय अवघड आहे?" म्हणत त्यांनी मला साबुदाणा भिजवायला शिकवलं. दाण्याचं कूट, साजूक तूप, बटाट्याचा कीस, दुधात शिजवलेलं रताळं. त्यांना वाटलं मला उपासाचे पदार्थ हवे आहेत. मला वाटलं या पदार्थांनीच वजन उतरतं. काकू आठवड्यातून दोनदा खायच्या ते आम्ही रोज, दोन्ही वेळा, डोळे मिटून प्रार्थना करून खाल्लं. पास्कल तर म्हणाला, "लीना, देवासाठी सोसणं इतकं चवदार असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

पुढच्या तपासणीला दोघांचंही वजन वाढलं होतं. डॉक्टरांनी काय खाता ते विचारलं. मी सांगत गेले तसा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हा उपास तुम्हाला कोणी सांगितला?"

"शेजारच्या काकूंनी."

"अहो, पण तुम्ही ख्रिश्चन ना?"

कंपाउंडर तोंड फिरवून हसला. डॉक्टर हसले नाहीत. जखमेची कड काळपट दिसते आहे, म्हणाले. पुढच्या वेळी सर्जनला बोलावून ठेवू.

त्या संध्याकाळी चर्चमधले फादर घरी आले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. पवित्र गुरुवारी बारा पुरुषांचे पाय धुतात, प्रभूने शिष्यांचे धुतले त्याची आठवण म्हणून. त्या बारा जणांत पास्कलने बसावं, हे विचारायला ते आले होते. पास्कल नाही म्हणाला. कारण विचारलं तरी तो बोलेना. मग मीच, जी पाहुण्यांसमोर पाणी ठेवून आत जायची, सगळं सांगितलं. बोट, काळी कड, वसईची खुर्ची आणि साबुदाणासुद्धा.

साबुदाण्यापाशी फादर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी विचारलं, "जेवणाआधी प्रार्थना म्हणता?"

"म्हणतो की," पास्कल म्हणाला.

"आणि शिफ्ट सुटल्यावर गाडीवर वडापाव खाता तेव्हा? आणि लीना, तू भांडी घासण्याआधी कढईतलं उरलेलं संपवतेस तेव्हा?"

ते त्यांना कसं कळलं, मला आजही कळलेलं नाही.

"डॉक्टर सांगतील ते खा," फादर म्हणाले. "माझं एवढंच. एक घाससुद्धा प्रार्थनेशिवाय नाही. मोठ्याने म्हणायची, आणि एकेकाने. प्रभूच्या प्रार्थनेत रोज आजची भाकर मागता ना? मग आजचीच घ्या."

ती प्रार्थना म्हणताना मी लहानपणापासून ब्रेड म्हणत आले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर कायम बेकरीतली पावाची लादी यायची. भाकर हा शब्द त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकला, म्हणजे कानांनी नाही, आतून. डॉक्टरांनी त्याच दिवशी दिलेल्या कागदावरही तेच लिहिलं होतं: भात बंद, ज्वारीची भाकरी, एक. दोन वेगळ्या माणसांनी मला एकच वस्तू सांगितली होती. जन्मभर भाकर मागितली, आणि मिळाली तेव्हा मला ती थापता येत नव्हती.

सुलभाकाकूंनी तीही शिकवली. साबुदाण्याची हकीकत ऐकून त्या कपाळाला हात लावून बसल्या होत्या. माझ्या पहिल्या भाकरीला नकाशासारखे किनारे होते. पास्कलने ती हातात धरून, "हा देश कुठला?" असं विचारलं आणि तिच्यावर क्रुसाची खूण केली.

मोठ्याने प्रार्थना करणं मला उपासापेक्षा जड गेलं. माझाच आवाज मला परका वाटायचा. पण खरं सांगते, उरलेली भाजी तोंडात टाकण्याआधी स्वयंपाकघरात एकटीने मोठ्याने देवाचे आभार मानून बघा. निम्म्या वेळा हात आपोआप खाली येतो. भूक नव्हती, हे आपल्याच तोंडून आपल्याला ऐकू येतं. पास्कलने वड्याच्या गाडीपाशी क्रुसाची खूण केली तेव्हा बरोबरचे म्हणाले, "काय रे, वड्याचा बाप्तिस्मा करतोस काय?" त्याने वडा त्यांनाच दिला. पुढे ते गाडीवर त्याच्यासाठी न सांगता बिनसाखरेचा चहा मागवू लागले.

त्याला फिरायला जायची बंदी होती, म्हणून मी दोघांच्या वाटचं चालले. खाडीच्या रस्त्याने, पदराआड जपाची माळ धरून. रोझरी निम्मी होईपर्यंत जायचं, उरलेली म्हणत परतायचं. पहिल्या दिवसांत मला धाप लागून मध्येच शब्द तुटायचे. मग एका संध्याकाळी घराची पायरी आली, माळ संपली, आणि धाप लागलेलीच नव्हती.

एका सकाळी नळी हिरवी झाली. आम्ही ती खिडकीच्या उजेडात धरून उभे राहिलो. आणखी काही दिवसांनी ती उकळून उकळून निळीच राहिली. माझ्या माहेरच्या चर्चमध्ये मरियामातेच्या झग्याला असाच निळा रंग होता. पास्कलने नळी हळूच खाली ठेवली, जणू ती झोपलेली होती. एकही विनोद केला नाही.

पुढच्या तपासणीला सर्जन आले होते. त्यांनी पट्टी सोडली, वाकून बघितलं आणि मला जवळ बोलावलं. "ग्रॅन्युलेशन," ते म्हणाले. म्हणजे जखमेच्या तळातून नवं मांस वर येतं, बारीक तांबडे दाणे असतात ते. सोललेल्या डाळिंबासारखं ओलं आणि चमकदार. मी बायकांच्या नजरेने पुष्कळ काही बघते, लक्षात ठेवते, बोलत नाही. पण असं काही मी बघितलं नव्हतं. आम्ही भाकरी खात होतो आणि तिथे, मोज्याच्या अंधारात, कुणीतरी एकेक दाणा भरत होतं.

"आम्ही वरून साफ करतो," डॉक्टर गोडबोले म्हणाले. "भरायचं ते आतूनच भरतं. बोट राहिलं तुमचं."

प्रार्थनेने गोळी सुटली नाही, हे मुद्दाम लिहिते. पास्कल ती अजून घेतो, तपासणी चुकवत नाही, आणि रोज पाय उजेडात धरून बघतो. आमचं वजन हळूहळू उतरलं, मध्ये लग्नसराईत थोडं चढलं, पुन्हा उतरलं. डॉक्टर, फादर आणि काकू, तिघांचेही आभार मानते. कुणी किती केलं याची वाटणी मला करता येत नाही.

पुढच्या वर्षी पवित्र गुरुवारी पास्कल त्या बारा जणांमध्ये बसला. सैल झालेली लग्नातली पँट त्याने पट्ट्याने आवळली होती. रीतीप्रमाणे सगळ्यांनी उजवा पाय उघडा करून पुढे ठेवला होता. फादर तांब्या आणि परात घेऊन एकेकापुढे गुडघे टेकत आले. पास्कलने वाकून डाव्या पायाचा मोजा काढला.

फादर क्षणभर थांबले. मग त्यांनी परात सरकवली आणि डाव्या पायावर पाणी ओतलं. बोटाखाली एक गुलाबी वण होता, तांदळाएवढा. पाणी गार असावं, कारण पास्कलने पाय एकदम आखडला.

गार पाणी त्याच्या त्या बोटाला कळलं होतं. मी बायकांच्या बाजूने, सगळ्यांच्या आधी आणि एकटीनेच, मोठ्याने आमेन म्हणाले.