फणीच्या तारेचे काटे

मास्तर समोर आले की नमस्काराआधी आपलं मनगट पकडायचे आणि घड्याळ कानाला लावायचे. माझं सेलवरचं घड्याळ त्यांनी पहिल्याच भेटीत तपासलं. "बाई, याले जीव नही," म्हणाले आणि हात परत केला.

उधन्याच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या आमच्या इमारतीत मी मराठी शाळेतली बाई आणि ते लूमचे मास्तर. अमळनेरकडचा हा माणूस तीस-बत्तीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त करत होता. दोघांत मान कुणाला जास्त होता, ते सांगायला नको. घड्याळ कानाला लावायचे ते सवयीनेच, कारखान्याच्या खडखडाटाने त्यांचे कान जवळजवळ गेले होते. पण लूमवरची माणसं ओठ वाचतात, त्यामुळे जिन्यातली कुजबूजही त्यांच्यापासून लपायची नाही.

एकदा त्यांच्या शेठने मनगटावरचं भारी परदेशी घड्याळ मिरवत गुजरातीत म्हटलं, "मास्तर, आवी घडियाळ अहीं कोई हाथे न बनावी शके." असं घड्याळ इथे हाताने कुणी बनवूच शकत नाही, म्हणे. शेठचा चहा संपेपर्यंत मास्तरांनी तबकडीवरच्या खुणा मोजून घेतल्या आणि घरी येऊन माझ्याकडे चौकटीचा कागद मागितला. शेठची जिरवायची का, असं मी विचारलं. "शेठनं काय? कान पुरा जावाना आधी मन्हा हातनी घडी माले आयकनी शे," ते म्हणाले. मी गणिताच्या वहीतून दोन कागद फाडून दिले.

आतलं यंत्र गुजरीच्या भंगारबाजारातून आणलेल्या जुन्या चावीच्या घड्याळाचं, बाकी सगळं त्यांचं. पोलादी सळई लेथवर कातून डबी केली आणि ती कतारगामच्या एका मित्राकडे हिरे घासायच्या फिरत्या चकतीवर, म्हणजे घंटीवर चमकवली. काटे केले ते लूमच्या फणीच्या तारांचे. ज्या तारांमधून आयुष्यभर सूत ओवलं, त्याच घासून केसाएवढ्या केल्या. केराच्या डब्यात टाकलेले कितीतरी काटे मी पाहिलेत. "घाईमा लूम तुटस, घडी रुसस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

शेठच्या घड्याळात बारावर एक चकचकीत त्रिकोण होता. मास्तरांनी तो सातवर बसवला आणि आठवडाभर चूक त्यांच्या ध्यानातही आली नाही. पाळी सातला बदलते. त्यांचा दिवस तिथूनच सुरू व्हायचा. माई, म्हणजे त्यांच्या घरच्या, पोट धरधरून हसल्या. मास्तर जरा ओशाळले, मग म्हणाले, "बारा शेठना. आपला सात." त्रिकोण तिथेच राहिला.

यंत्र जोडलं की कान माझा. "बाई, बोलस का?" दोनदा नाही म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझी जीभ घसरली. "हो, बोलतंय की," मी म्हणाले. तासाभराने ते पुन्हा दारात उभे. काटा तसूभरही हलला नव्हता. "बाई, पोरेसले हाईच शिकाडतस का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून चुकलेल्या गणितावर मी कुणालाही 'छान' लिहून दिलेलं नाही.

पुढच्या दिवाळीत लूम बंद होते, त्या सुट्टीत घड्याळ चाललं. मास्तरांनी कानाला लावलं, काहीच नाही. माझ्या कानाला लावलं, तर आत कशी स्वच्छ टिकटिक! मी "हो!" म्हणून ओरडलेच. त्यांनी माझे ओठ वाचले. पण विश्वास बसेना, आणि त्यात त्यांचा काय दोष? शेवटी त्यांनी डबी दातांत धरली. चहाचा कप हातात घेऊन माई तशाच थांबल्या. मास्तरांचे डोळे भरून आले. टिकटिक हाडातून पोचली होती. "बोलस," एवढंच ते म्हणाले. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

शेठला ते घड्याळ त्यांनी कधीच मुद्दाम दाखवलं नाही. यंदा काम सोडून दोघं गावी गेली. जिन्यात आता माझं मनगट कुणी पकडत नाही, आणि ते मला फार जाणवतं.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉल आला. मास्तरांनी घड्याळ फोनला चिकटवलं. "बाई, बोलस का?" मला फक्त माईंचा मिक्सर ऐकू येत होता.

"नाही मास्तर. काहीच ऐकू येत नाही," मी ओठ नीट हलवत सांगितलं.

"आते खरं बोलन्यात," ते हसले, आणि घड्याळ दातांत धरून त्यांनी डोळे मिटले.