नाळेची आंघोळ

पंचफुलाबाईंकडून नाळ आणायची म्हणजे आधी त्यांच्या प्रश्नांतून सुटावं लागतं. अमरावतीच्या एका प्रसूतिगृहात त्या आया आहेत, आणि मी तिथल्याच एका कॉलेजात पेशींवर संशोधन करते. बाळ झालं, आईनं होकार दिला, की नाळेचा तुकडा आमच्या डब्यात ठेवून त्या मला फोन करतात. मी डबा घेऊन निघायला बघावं, तर बाई झाकणावर हात ठेवून उभ्या.

"आज सांगाच मॅडम. या नाळीचं करता काय तुमी?"

"संशोधन," मी म्हटलं. मी मूळची तेल्हाऱ्याची, आमच्याकडे गोड बोलायची सवय नाही.

"थे तं तुमच्या दारावरच्या पाटीवरबी लिवलं असन."

मग बसले बाकावर. सांगितलं की नाळेतल्या रक्तवाहिनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. ते आम्ही सोडवून काचेच्या बशीत वाढवतो. त्या पेशींच्या पोटात एक जनुक पोचवायचं, नवी रक्तवाहिनी फुटायला सांगणारं. पण नुसतं जनुक पेशी आत घेत नाही. म्हणून पॉलिमर नावाच्या पदार्थात ते गुंडाळून त्याचे गोळे करायचे, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाहीत इतके बारीक. मग पेशी ते गिळते.

"म्हंजे डिंकाचा लाडू," पंचफुलाबाई म्हणाल्या. "नुसती मेथी कोन खाते? डिंकात वळली का बाळंतीन खाते."

दोन वर्षं डोकं फोडून माझ्या विद्यार्थ्यांना जे पटकन सांगता येत नव्हतं, ते बाईंनी एका वाक्यात सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे त्या गोळ्यांना लाडूच म्हणतात.

त्यांचे यजमान देवराव एसटीत कंडक्टर होते. साखरेच्या आजारानं त्यांच्या पायाचं एक बोट गेलेलं. त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. "या लाडवानं त्याईच्या पायाले रगत पोचन का?"

"नाही मावशी. हे अजून बशीतलं काम आहे. माणसाच्या पायापर्यंत जायला किती वर्षं लागतील, मलाही माहीत नाही."

त्यांचा चेहरा उतरला. पण कुतूहल काही बाईंना स्वस्थ बसू देत नाही. "मंग तवर थे नाळ जित्ती रायते?"

"पेशी जिवंत राहतात. बशीत वाढतात, काही आठवडे."

एवढंच त्यांनी पदरात बांधून घेतलं. आपल्याकडे नाळ पुरायची असते. ती कोणाला देऊन टाकायची म्हटलं की बायका बिचकतात. पण पंचफुलाबाई खाटेशी बसून सांगत, "मातीत घातली तं मातीच होते वं. यायच्याकडं देल्ली तं जित्ती रायते." आणि बायका देत. माझ्या शब्दावर नव्हे, त्यांच्या.

हिवाळ्यात आमच्या पेशी मरायला लागल्या. बशीच्या तळाला चिकटून धरेचनात. स्वप्निलनं, म्हणजे माझ्या विद्यार्थ्यानं, पेशींचं खाद्य बदललं, उबेची पेटी धुऊन काढली. लाडवांवर संशय घेतला, तर लाडू न दिलेल्या बशाही तशाच ओस. मी सगळ्यांवर खेकसत सुटले. शेवटी म्हटलं, आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, आधी नाळच बघू. न कळवता वॉर्डात गेले.

मोरीपाशी पंचफुलाबाई उकिडव्या बसल्या होत्या. समोर पातेल्यात कोमट पाणी. पिचकारीनं नाळेच्या नळीतून पाणी सोडत होत्या, बोटांनी हलकेच रक्त निपटत होत्या आणि तोंडानं चाललं होतं, "झालं वं माय, झालं."

"मावशी, काय करता?" मी ओरडलेच.

"आंघोळ घालून राहिली."

मग त्यांनी सांगितलं. बाळापूरला दिलेली यास्मीन नावाची एक मुलगी इथं माहेरी बाळंतपणाला आली होती. नाळ द्यायला ती तयार झाली, पण डब्यात ती रक्ताळलेली पाहून रडायला लागली. "माह्या पोरीचं हाये ते मावशी. ऐसंच देता का, बिना न्हालेलं?" पंचफुलाबाईंची आई माणिकबाई गावची सुईण. जन्मलेल्या जिवाला पहिली आंघोळ घालायची, हे यांच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यांनी यास्मीनची नाळ न्हाऊ घातली, आणि मग प्रत्येकीचीच घालू लागल्या.

"साधं पाणी आत गेलं की या पेशी फुगून फुटतात," मी रागाच्या भरात बोलून गेले.

त्यांचे हात पाण्यातच थांबले. "म्हंजे यास्मीनची?"

"गेली."

"मंग मी बायांसंग लबाड बोलली."

तुम्हाला माहीत नव्हतं, असं मी परोपरीनं सांगितलं. "पन सांगतलं तं मीच होतं ना," एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी एकाही बाईला नाळ मागितली नाही. फोन बंद. मला नाळेपेक्षा त्यांच्या प्रश्नांची उणीव जास्त भासली, हे मी कबूल करते.

उन्हाळ्यात अचानक फोन आला. त्यांची मुलगी आकांक्षा बाळंत झाली होती. नाळ गावी नेऊन पुरायची म्हणून तिची सासू अडून बसलेली, तिच्याशी भांडून बाईंनी ती मिळवली होती. डबा उघडला, तर नाळ रक्ताळलेली, जशीच्या तशी.

"हिले पानी नाही लावलं. माही नात हाये. आता पायतो, जित्ती रायते का."

पेशींनी बशी धरली. लाडू पोचतो का हे बघायला आम्ही आधी एक चमकणारं जनुक देतो. ते आत गेलं की पेशी हिरवी उजळते. तशा त्या उजळल्या. मी धावतच फोन केला.

पंचफुलाबाई आल्या, पण एकट्या नाही. लसीकरणाला आलेल्या यास्मीनला त्यांनी दवाखान्यातून थेट आणलं होतं, पोरगी तिच्या कडेवर. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकापाशी त्यांनी आधी तिलाच पुढे केलं.

"या अल्ला, कित्ती हिरवं!" यास्मीन डोळा न काढता म्हणाली. "हे माह्या पोरीची हाये का, मावशी?"

एक होकार पुरला असता. मीच तो देणार होते.

"नाही वं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "हे माह्या नातीची. तुह्या पोरीची मेली. मी आंघोळ घातली, त्या पान्यानं मेली."

यास्मीन सरळ झाली. पोरीला तिनं या कडेवरून त्या कडेवर घेतलं. आता ही रडणार की भांडणार, मला कळेना.

"पन न्हाऊन गेली ना?"

"हो वं माय. कोमट पान्यानं."

"मंग झालं," यास्मीन म्हणाली आणि पुन्हा वाकून बघू लागली.

पंचफुलाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "सरक थोडी," त्या म्हणाल्या, "मलेबी पाहू दे."