शेऱ्याच्या रकान्यात ‘उपास’

आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, हेब्बाळच्या अलीकडे, एक केरे आहे. केरे म्हणजे तळं. आमच्या घराण्याला बेंगळुरात इतक्या पिढ्या झाल्या की तळं हा शब्द मी लिहितानाच तेवढा वापरते. तर त्या केऱ्यावर मी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पक्षी मोजायला जायला लागले. हौस म्हणून नाही हं, अभ्यास म्हणून. विद्यापीठात नाव घातलं होतं मी.

माझी शाळा दहावीला सुटली ती सुटलीच. पुढचं सगळं मुलीच्या पुस्तकांतून. ती झोपली की तिचं जीवशास्त्र मी वाचायची. बेडकाचं हृदय मला तिच्याआधी पाठ झालं. त्यामुळे विद्यापीठाचा शनिवारचा एक वर्ग निघालाय, पदवी लागत नाही, वयाची अट नाही, असं पेपरात वाचलं तेव्हा मी यांना म्हटलं, “मी जाऊ का?” हे म्हणाले, “कसला वर्ग?” मी वाचून दाखवलं, “नैसर्गिक संसाधनांची परिस्थितिकी आणि वन्यजीव व्यवस्थापन.”

“एवढं नाव घेईपर्यंत तुझा भात करपेल,” हे म्हणाले. पण फॉर्म आणायला स्वतःच गेले.

वर्गात सगळी पोरंपोरी, आणि मॅडम माझ्या मुलीहून लहान. सगळे मला अज्जी म्हणायचे. मला वाटलं होतं अवघड असेल, आणि होतंही, पण काही काही गोष्टी मला पटकन कळायच्या. एका जागेत किती जनावरं जगू शकतात याला धारणक्षमता म्हणतात. मॅडम फळ्यावर आलेख काढत होत्या आणि मला आमचं जुनं दोन खोल्यांचं घर आठवत होतं. त्यात आम्ही अकरा माणसं आणि एक न्हाणीघर. धारणक्षमता मला कुणी शिकवायची गरज नव्हती!

शेवटच्या सहामाहीत प्रकल्प आला. दोघादोघांच्या जोड्या. माझ्या जोडीला निपाणीकडची एक मुलगी मिळाली. दिवसभर इंदिरानगरच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसायची आणि त्याला पार कंटाळली होती. तिला तळ्यांचं काम करणाऱ्या एका संस्थेत जायचं होतं. त्या संस्थेला मॅडमचं शिफारसपत्र हवं होतं, आणि मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं, “प्रकल्प बघून देईन.” म्हणजे माझ्यासाठी तो नुसता प्रकल्प, तिची मात्र पुढची नोकरी त्यावर होती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आम्ही ठरवलं ते असं. केऱ्याच्या पूर्वेच्या काठाला उंच पाणगवत आहे, पश्चिमेचा काठ दगडांनी बांधून काढलाय. पूर्वेला मी बसायचं, पश्चिमेला तिने. रोज सकाळी सातला अर्धा तास पाणकावळे, बगळे आणि वंचक मोजायचे, सलग आठ आठवडे. वंचक म्हणजे तो मातकट बगळा, काठावर ध्यान लावून बसतो आणि उडाला की एकदम पांढरा होतो. मोजलेलं तक्त्यात भरायचं. शेवटचा रकाना शेऱ्याचा, कुत्री आली, जाळं टाकलं, असं काही घडलं तर लिहायला.

पहिल्या आठवड्यापासून माझ्या काठाला दुप्पट पक्षी. माझे पाणकावळे वीस-बावीस, तर तिचे सात-आठ. मला काय आनंद! घरी येऊन यांना रोज आकडा सांगायची.

“घरातले चमचे कधी मोजले नाहीस एवढ्या प्रेमाने,” हे म्हणायचे.

निपाणीची मुलगीही खूश होती. निष्कर्ष आपोआप हातात आला होता: पाणगवत आहे तिथे पक्षी जास्त, म्हणून काठ दगडांनी बांधू नयेत. तिने तो टाइपसुद्धा करून ठेवला. मोजणी झाली की आम्ही फाटकाजवळच्या गाड्यावर एक ‘बाय टू’ कापी घ्यायचो, एकीत दोघी, आणि ती मला आकडे वाचून दाखवायची. मधेच एखाद्या दिवशी माझा आकडा एकदम खाली यायचा. ती विचारायची, “आज काय झालं वो अक्का?” मी म्हणायची, “उपास गं. डोळ्यांपुढे अंधारी येते, दिसत नाहीत नीट.” आणि प्रामाणिकपणे शेऱ्यात लिहायची, ‘उपास’.

शेवटच्या आठवड्यात एक दिवस मी चार इडल्या खाऊन, अगदी भरल्या पोटी केऱ्यावर गेले. बसले, मोजले. पाणकावळे सात, वंचक एक. चष्मा पदराने पुसला आणि परत मोजले. सातच. पोटात चार इडल्या असताना डोळ्यांना काय धाड भरली होती?

आणि मग आठवलं, आज डबा ओट्यावरच राहिला.

डब्याचं सांगायलाच हवं. आमच्या सासूबाई केऱ्यावर कधी रिकाम्या हाताने गेल्या नाहीत. कणकेच्या बोराएवढ्या गोळ्या करायच्या, माशांना घालायच्या, पाण्याला हात जोडायचे. त्यांच्यामागे मी ते चालू ठेवलं. रोज सकाळी पोळ्यांची कणीक मळताना गोळ्या काढायची, केऱ्यावर पायरीवरून पाण्यात सोडायची, नमस्कार करायची आणि मग वही उघडायची. हे कुणाला सांगावं असं कधी वाटलंच नाही. देवाला हात जोडले हे कुणी तक्त्यात भरतं का? आणि मुलगी पलीकडच्या काठाला, तिला इतक्या लांबून गोळ्या काय दिसणार!

मी तिथेच बसून राहिले. गोळ्यांना मासे येत होते, माशांना पाणकावळे. पाणगवत बिचारं उगीच मधे उभं होतं.

गाड्यावर मुलगी आधीच आली होती. “अक्का, आज किती?”

“सात.”

“उपास आहे काय आज?”

“नाही गं. तोच तर घोळ आहे.” आणि मी सगळं सांगितलं.

ती कापीचा पेला धरून उभी. “म्हणजे तुम्ही रोज माशांना जेवायला घालत होता?”

“हो.”

“आणि आपण लिहिलं गवतामुळं पक्षी येतात म्हणून?”

“हो.”

“आठ आठवडे?”

“एकादशी सोडून.”

ती हसली नाही. अर्धी कापी तशीच ठेवली. मग हळूच म्हणाली, “मॅडमना सांगायलाच पाहिजे काय?”

तिचा राग आला नाही मला. माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं. पण तिने तो अहवाल घेऊन संस्थेत जायचं, त्यांनी त्यावर विसंबून एखादा काठ गवताचा करायचा, आणि मुळात असायची माझी कणीक! “मी सांगते,” मी म्हटलं, “तू फक्त मागे उभी राहा.”

घरी हे म्हणाले, “जा, सांगून ये. सात पक्ष्यांसाठी कुणी फाशी देत नाही.” फाशीची भीती नव्हती मला. त्या पोरीचं पत्र जाईल याची होती.

शनिवारी मॅडमपुढे बसले. कानडीत सगळं सांगितलं, डब्यासकट. त्या ऐकता ऐकता तक्ते उलटत राहिल्या. मागे मुलगी पर्सचा पट्टा पिळत होती.

“अज्जी,” मॅडमनी बोट ठेवलं, “हा ‘उपास’ कुणाचा? पक्ष्यांचा?”

“माझा. अंधारी येते म्हणून कमी दिसले असतील असं वाटलं. आकडा खोटा पडायला नको म्हणून लिहिलं.”

“उपासाला माशांना गोळ्या घालता?”

“छे! एकादशीला, संकष्टीला आमच्याकडे सकाळी कणकेला हात लावत नाहीत.”

मॅडमनी लाल पेन्सिल घेतली आणि ‘उपास’ लिहिलेल्या ओळींखाली रेघा मारल्या. सहा निघाल्या. मागून मुलगी वाकली, तिने आपला तक्ता शेजारी सरकवला आणि एकदम म्हणाली, “अय्यो, या सहा दिवसांत दोन्ही काठ सारखेच आहेत की!”

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. आता बोलणार, रागावणार, असं मला वाटलं. तर म्हणाल्या, “अज्जी, खाणं घातल्याने पक्ष्यांवर काय परिणाम होतो हे बघायला माणसं मुद्दाम असे दिवस आखतात. तुमचे पंचांगाने आखून दिले.” मग लगेच कडक झाल्या. “पण सहा दिवस पुरत नाहीत. आणखी दोन आठवडे बसा. कुठल्या दिवशी घालायचं आणि कुठल्या दिवशी नाही, ते मी सांगणार. सरी?”

“सरी,” आम्ही दोघी एकदम म्हणालो.

ते दोन आठवडे मला जड गेले, खोटं कशाला सांगू. ज्या दिवशी घालायचं नसे त्या दिवशी पायरीवर उभं राहून हातांचं काय करावं हेच कळेना. शेवटी स्वेटरच्या खिशात घालून ठेवले. पाण्यात मासे वर येऊन तोंडं उघडायचे आणि मी दुसरीकडे बघायची.

पाणगवताचा निष्कर्ष गेला. तो खरा असेलही, पण आमच्या आकड्यांतून तसं म्हणता येत नव्हतं. प्रकल्प उशिरा दिला म्हणून गुणही कापले. पण माशांना घातलं की पक्षी वाढतात असं सांगणारा नवा अहवाल मॅडमनी शेवटपर्यंत वाचला, आणि मुलीला पत्र दिलं. त्यात एक ओळ होती म्हणे, चूक सापडल्यावर ती लपवत नाही अशी. मुलगी मला म्हणाली, “ही ओळ तुमची हाय अक्का, माझी नव्हे.” मी म्हटलं, “असू दे, तुला ती जास्त उपयोगी.”

आता ती होसकोट्याकडच्या एका केऱ्यावर काम करते. मी अजून रोज सकाळी जाते, वही घेऊन, डब्याशिवाय. उरलेली कणीक कोपऱ्यावरच्या गाईला जाते. हे म्हणतात गाय लठ्ठ झालीय, आता तिचा प्रकल्प कर.

परवा त्या निपाणीच्या मुलीचा फोन आला. “अक्का, इथं एक आजोबा रोज माशांना ब्रेड घालतात. काय सांगू त्यांना?”

“आधीच काही सांगू नकोस,” मी म्हटलं. “त्यांचा उपास कधी असतो ते विचार.”

ती हसली नाही. थांबा, लिहून घेते, म्हणाली.