मेंढरांमागची चाल

मेंढरांचा वास आधी येतो, मेंढरं मागाहून दिसतात. गाडीच्या काचा बंद असल्या तरी तो कुठून तरी आत शिरतोच. ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, दुधाचा आणि धुळीचा मिळून झालेला, जरासा आंबूस, जरासा उबदार असा तो वास. परवा, दिवाळी नुकतीच सरलेली असताना, सांगलीच्या बायपासला आमची गाडी या वासानंच थांबवली. पुढं रस्ताभर पाठीच पाठी. आटपाडीकडचा वाडा कोकणात निघाला होता. वाडा म्हणजे नुसता कळप नव्हे. मेंढरं, माणसं, घोडीवर लादलेली भांडीकुंडी, त्या भांड्यांवर बांधलेल्या कोंबड्या आणि कोंबड्यांवर गुरकावणारी कुत्री, असं सगळं चालतं बिऱ्हाड.

गाडी आमची ही चालवते. मी शेजारी बसून सूचना करतो आणि त्या ऐकायच्या नाहीत असं आमच्यात लग्नानंतर लवकरच ठरून गेलेलं आहे. त्यामुळं मी 'हॉर्न वाजवू नकोस' म्हणताच तिनं हॉर्न वाजवला. मेंढरांनीही तो ऐकला नाही. मागच्या सीटवर आमची लेक परीक्षेचे शब्द पाठ करत बसली होती. गाडी हलत नाही म्हटल्यावर तिला बापाचा उपयोग आठवला.

"पप्पा, ड्रिफ्ट म्हणजे काय? इथं किती अर्थ दिलेत बघा. यातला नेमका कुठला धरायचा?"

इंग्रजीच्या मास्तरला असा प्रश्न म्हणजे सणच. मी मागं वळून सुरू झालो. वल्हं सोडलेली नाव पाण्याबरोबर जाते, तो ड्रिफ्ट. वाऱ्यानं ढकलून कुंपणाशी साचवलेला बर्फाचा ढीग, तोही ड्रिफ्ट. बर्फ आम्ही पाहिला नाही, पण आटपाडीच्या माळावर उन्हाळ्यात बांधाशी तशीच फुफाट्याची रास लागते, ती पाहिली आहे. माणसाच्या बोलण्याचा रोख, तोही. शिकून सवरून कुठल्याच कामाला न लागता दिवस काढणारा मुलगाही त्याच शब्दात बसतो. आणि हाकत नेलेला कळप, यालाही जुन्या इंग्रजीत ड्रिफ्टच म्हणत, असं सांगताना मी पुढं काचेतून बोट दाखवलं आणि तिथंच थांबलो. कळपाच्या अगदी शेवटी, दोन्ही हात काठीवर, मान किंचित डावीकडं कललेली, असा एक म्हातारा चालला होता. पाऊल उचलायचं आणि ते टाकायची काही घाई नसल्यासारखं हवेत जरा ठेवायचं.

"एवढंच?" लेकीनं विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो. हिनं माझ्याकडं पाहिलं आणि गाडीचं इंजिनच बंद करून टाकलं. तिला कळलं होतं.

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची चाल तशीच होती. उभा जन्म मेंढरांमागं गेला त्यांचा. बाहेरच्याला ती चाल आळशी वाटावी. मी कॉलेजात असताना मला तिची लाज वाटायची, आणि ती आपल्या पायांत दिसू नये म्हणून मी भराभर चालायला शिकलो. इतका, की अजूनही वर्गात माझ्या आधी माझं पोट पोचतं आणि पोटामागं धापा टाकत मी. आबांना मात्र कुठं पोचायचंच नसायचं. जिथं पाला तिथं मुक्काम. माळावर पाणी आलं, पाण्यामागं डाळिंबं आली, डाळिंबांमागं तारेची कुंपणं आली, आणि मेंढरांना पाय ठेवायला जागा उरली नाही. वाईट झालं असं म्हणता येत नाही. आमच्याच भावकीनं बंगले बांधले त्या डाळिंबांवर. पण शेवटची मेंढरं गेली त्या दिवसापासून आबांचे पाय मोकळे झाले आणि मोकळ्या पायांचं काय करायचं ते त्यांना कळेना.

आम्ही त्यांना आणि आईला सांगलीच्या फ्लॅटमध्ये आणलं. मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी दिवस, मग माणसं. पाय तेवढे काही विसरले नाहीत. दार उघडं दिसलं की आबा निघालेच. मधले काही महिने ते साताऱ्याला ताईकडं होते. तिथं घराच्या मागं डोंगर. सकाळी चढायचे, उन्हं कलली की आपले आपण उतरायचे, आणि रात्री शांत झोपायचे. ताई फोनवर खुशीत असायची. पण एकदा ते डोंगर सोडून उलट्या दिशेला उतरले आणि हायवे ओलांडताना एका ट्रकवाल्यानं कसाबसा ब्रेक मारला. दुसऱ्याच दिवशी भावजी त्यांना घेऊन आले आणि जाताना आमच्या दाराला बाहेरून कडी बसवून गेले. भावजी फौजेतले. कडी मजबूत होती.

त्या कडीवर कुणी काही बोललं नाही. आईही नाही. आम्ही सगळे आत असतानासुद्धा ती बाहेरून लावलेली असायची, आणि बाहेर पडायचं म्हटलं की शेजारच्या वहिनींना फोन करायला लागायचा. आबा आत हॉलपासून गॅलरीपर्यंत आणि गॅलरीपासून हॉलपर्यंत चालत राहायचे. सोफ्यापाशी आले की जिभेनं च्यक् च्यक् करून त्याला बाजूला व्हायला सांगायचे. सोफा हलत नसे. मग तेच वळसा घालायचे. आम्हाला हसू यायचं. एक दिवस हसता हसता ही स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आणि मग ती सकाळ. वहिनींनी कडी काढली, दूधवाला आला, कुणी तरी बोलत उभं राहिलं, आणि आबा निघून गेले. मी शाळेतून धावत आलो. बसस्टँड पाहिला, घाट पाहिला, गणपतीचं देऊळ पाहिलं, मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांमागं डोकावलो. चौकीत वर्णन सांगताना हवालदारांनी विचारलं, "काही खूण?" आणि मला एकच खूण आठवली, ती कागदावर उतरत नव्हती. "हळू चालतात," मी म्हणालो. हवालदार समजूतदार होते. म्हणाले, "म्हातारी माणसं हळूच चालत्यात, सर."

साताऱ्याहून ताईचा फोनवर फोन. "आई, मी सांगत होते कुलूपच लावा. कडीचा काय भरवसा?" आई फोन माझ्या हातात देत होती. दुपारी कधी तरी ती गॅलरीत उभी राहिली आणि म्हणाली, "सकाळी मेंढराचा वास येत हुता. मला वाटलं, मलाच येतोय." मी वेड्यासारखं तिच्याकडं पाहिलं, हिला गाडी काढायला लावली, आणि आम्ही निघालो.

आष्ट्याच्या रस्त्याला, कृष्णेचा पूल ओलांडून दिग्रजच्या पुढं गेल्यावर एका मोकळ्या उसाच्या रानात वाडा उतरला होता. आमच्या भागातली ही जुनी रीत. ऊस तुटून गेला की शेतमालक मेंढरं बसवून घेतात, रात्रभराच्या लेंड्यामुतानं रान कस धरतं, आणि त्या बदल्यात वाड्याला चार पायल्या धान्य मिळतं. उन्हं खाली आलेली होती. तीन दगडांची चूल पेटलेली. आणि मेंढरांच्या कडेला, कुणाची तरी काठी हातात घेऊन आबा उभे होते. काखेत एक लंगडं कोकरू.

वाड्यातला कर्ता गडी पुढं आला. मी त्याच्याशी जरा चढ्या आवाजातच बोललो. "आवं, अनोळखी माणूस दिवसभर मागं चालतोय, विचारायचं तरी, कोण, कुठले?"

त्याला माझा राग समजलाच नाही. "मेंढरामागं चालनाऱ्याला काय इचारायचं, सर? आमाला वाटलं म्होरल्या वाड्यातलं म्हातारं मागं ऱ्हायलंय. चाल बघितली की. दुपारी भाकरी दिली, खाल्ली. हे कोकरू काखंत घेतलंया, ते खाली ठिवंना झालंय."

त्याची बायको चुलीपासून ओरडली, "आवं, ऱ्हाऊ द्या की आजची रात. लय दिसांनी कुनी तरी आसं निवांत चाललंया आमच्यासंगं. ह्यो आमचा पोरगा तर मोबाईल बघत चालतोय, मेंढरं जात्यात उसात!" सगळे हसले. मी नाही हसलो.

मी बांधावरून रानात उतरलो. शाळेतले कपडे, खिशाला पेन, पायांत बूट. आबांनी मला पाहिलं, कोकरू सांभाळत दुसरा हात कपाळाला लावला आणि जरासे वाकले.

"मालक, रान तुमचं व्हय? रातच्याला बसवतो मेंढरं. सकाळी उठून जातो. नासधूस न्हाई करायची आमची जनावरं."

जन्मभर त्यांनी असंच केलं असणार. पँट घातलेला माणूस बांधावर दिसला की वाकायचं. त्या माणसाच्या जागी मला कधी उभं राहावं लागेल असं आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "बसवा," कारण ते उत्तराची वाट पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती.

मागून आई आली. तिला मात्र त्यांनी लगेच ओळखलं. "तू हितं कशी? घोडी कुटं हाय?"

"म्होरं गेली," आई म्हणाली. डोळ्यांत पाणी, आवाज जसाच्या तसा. "चला. आंधार व्हाय लागला."

घोडीवर बिऱ्हाड असायचं, ती पुढं गेली म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. आबांनी कोकरू त्या बाईच्या हातात दिलं, काठी दिली आणि आमच्या गाडीत येऊन बसले.

घरी आल्यावर आई दाराशीच थांबली. मी कडीला हात घातला तसा तिनं तो बाजूला केला. ताईचा फोन चालूच होता, कुलपाचं काय झालं म्हणून. आईनं फोनमध्ये सांगितलं, "काय कोंडून ठेवाय त्ये कोंबडं हायती का? दार उघडं ऱ्हाईल. जातील तिकडं जाऊ दे. त्येंच्या मागं कुनी तरी चालायचं, बास." ते 'कुनी तरी' कोण हे तिनं सांगितलं नाही, पण मला कळायला वेळ लागला नाही, कारण बायकोनं दुसऱ्या दिवशी माझ्या कॅनव्हासच्या बुटांची धूळ झटकून ठेवली होती.

मग रोज शाळा सुटली की मी आबांच्या मागं चालू लागलो. थोडं अंतर ठेवून. वळवायचं नाही, हाक मारायची नाही, गाडी आली तेवढी पाहायची. सुरुवातीला माझी फार पंचाईत व्हायची, कारण मला इतकं हळू चालताच येईना. चार पावलांत मी त्यांच्या पाठीवर आदळायचो. विद्यार्थी सायकली थांबवून बघायचे. कोपऱ्यावरचा पानवाला तर एकदा म्हणाला, "काय सर, म्हाताऱ्यावर पाळत ठेवलीया का काय?" पण पावसाळा येईपर्यंत पाय शिकले. रिकामा प्लॉट आला की आबा थांबायचे. तिथल्या गवतावर कुणी तरी चरत असायचं, जे मला दिसत नव्हतं. त्यांचं चरून होईपर्यंत आम्ही दोघं उभे राहायचो. मग पुढं. सांगलीत राहून मला जी सांगली ठाऊक नव्हती, ती त्या संध्याकाळांत पायाखालून गेली. कुठल्या गल्लीच्या तोंडाशी वारा वळतो, कुठल्या भिंतीला दिवस मावळल्यावरही ऊब असते, हळदीचा वास कुठवर येतो आणि कुठून पुढं नदीचा सुरू होतो.

एके दिवशी ते वळले. "मालक, रोजच्याला मागं मागं काय येताय? या की संगट."

मी शेजारी गेलो. चालता चालता आबांनी विचारलं, "तुमाला पोरंबाळं?"

"एक लेक आहे."

"मला बी ल्योक हाय. लय शिकला. इंग्रजी शिकवतोय पोरास्नी." हातात काठी नव्हती, तरी त्यांनी ती टेकवल्यासारखा हात केला. "त्याला ह्या कामाला न्हाई लावला मी. पाय कवळं हुतं त्येचं. तळव्याला कुरपं झाली की रडायचा."

पुढच्या वळणापर्यंत मी त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवत राहिलो. मग विचारलं, "येतो का तो भेटायला?"

आबांनी पाऊल हवेत धरलं. मला वाटलं, विसरले. पण ते शब्द शोधत होते, कुणाला कमीपणा येऊ नये असे.

"येतो की," ते म्हणाले. "कामात आसतोय. तरी येतो."

त्या हिवाळ्यात आबा गेले. झोपेत, घरातच, दार उघडं असताना. लोक म्हणाले, सुटले. मला ते कधी पटलं नाही. ते अडकलेले कुठं होते? अडकलेलो आम्ही होतो, आणि शेवटच्या वर्षात त्यांनी मला थोडा वेळ रोज सोडवून नेलं होतं.

आता दोन दिवाळ्या झाल्या. शाळा सुटली की पाय अजून त्याच वेळेला बाहेर पडतात. डॉक्टर म्हणतात, उत्तम, पण जरा वेग वाढवा. वेग वाढत नाही. कोपऱ्यापर्यंत मी ठीक जातो. तिथं रस्ता तीन बाजूंना फुटतो आणि मी थांबतो. लोकांना वाटतं, सरांना कुठं जायचं ते आठवत नाहीये. तसं नाही. मला कुठंच जायचं नसतं, ते तर माझं मलाही चांगलं ठाऊक आहे. पण कुठंच जायचं नसलं तरी पुढं चालणारी एक पाठ असावी लागते, मान किंचित डावीकडं कललेली. ती नसली की नुसता रस्ता उरतो, आणि नुसत्या रस्त्यानं कसं चालायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.