फुल्यांमागचा शब्द

पत्नी गेली त्या वर्षी आमच्या जळगावच्या घरातला कॉम्प्युटर बिघडला. तो तसा तिचाच. मुलगी लग्न होऊन अमेरिकेला गेली तेव्हा मेल लिहिता यावी म्हणून घेतला होता. माझी नोकरी धुळ्याला, घरी यायचो ते शनिवार-रविवारपुरता. लिहिणं तिच्याकडे आणि ‘माझाही आशीर्वाद कळव’ एवढाच माझा त्यात वाटा. ती गेल्यावर मी त्या मशीनवर कापड टाकून ठेवलं होतं.

दुरुस्तीला आलेला दुकानदार माझ्याच वयाचा, धुळ्याकडचा. व्हायरस आहे, फॉरमॅट करावं लागेल म्हणाला. मग त्याने विचारलं, वहिनींच्या मेलचा पासवर्ड माहीत आहे ना? मला माहीत नव्हता. तो मशीनने लक्षात ठेवला होता आणि चौकटीत नुसत्या फुल्या दिसत होत्या. फॉरमॅट केलं की मशीनही तो विसरणार होतं. मी मुलीचं नाव सांगितलं, आमच्या लग्नाची तारीख सांगितली, कुलदेवीचं नाव सांगितलं. एकही लागू पडलं नाही. तो पत्ता गेला तर मुलीकडे जायची माझी एकच वाट उरणार होती, रविवारचा फोन. आणि तो फोन दोन वाक्यांत संपायचा.

दुकानदाराने पिशवीतून फ्लॉपी काढली. तिच्यात एक लहानसा प्रोग्राम होता. फुल्यांवर बाण नेला की मागची अक्षरं दिसायची. त्याने ती वाचली आणि हसला.

“मनी आंडेर. भाऊ, वहिनी आमच्या साक्रीकडच्या का?”

पिंपळनेरच्या, मी म्हणालो.

आंडेर म्हणजे मुलगी. माझी मुलगी, एवढाच तो शब्द. पण माझ्या घरात तो चालत नसे. मुलगी शाळेत जायला लागल्यापासून घरात अहिराणी बोलायची नाही असं मी ठरवलं होतं. लोक हसतात, ऑफिसात मलाही हसले होते. एकदा पाहुण्यांसमोर मुलगी म्हणाली, “माय, वरण बठ्ठं सरनं,” सगळं वरण संपलं एवढंच, आणि मी तिला ताटावरून उठवलं. त्यानंतर दोघी माझ्यासमोर शुद्ध बोलू लागल्या. मला वाटलं, सवय मोडली.

दुकानदार सगळं पुन्हा बसवून गेला. मी तो शब्द घातला, फोनची वायर जोडली. मोडेम बराच वेळ किरकिरत राहिला आणि मग एकामागून एक मेल उतरू लागल्या. सगळ्या मुलीच्या, आईच्या नावे. तारखा सगळ्या आई गेल्यानंतरच्या.

त्या वाचायला नको होत्या हे मला कळत होतं. तरी मी एक उघडली. इंग्रजी अक्षरांत अहिराणी. मोठ्याने म्हटल्याशिवाय लागेना. रिकाम्या घरात मी ती एकेक शब्द लावत वाचली.

“माय, नानासंगे फोनवर काय बोलू ते समजत नही. त्या इचारतस, बरी आहेस ना. मी सांगस, बरी आहे. मंग फोन सरी जास.”

नाना म्हणजे मी. पुढे तिच्या तब्येतीचं काही होतं. दिवस गेले होते आणि राहिले नव्हते. मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी तिचा फोन आला. बरी आहेस ना, मी विचारलं. बरी आहे, ती म्हणाली. एरवी मी ठेवला असता. त्या दिवशी सांगून टाकलं की मशीन दुरुस्त झालं, आईची मेल उघडते.

मग तिने विचारलं, “वाचलंत का तुम्ही?”

“एक.”

कुठली, ते तिने विचारलं नाही. तिच्या न राहिलेल्या बाळाबद्दल बोलायचं मी मनाशी ठरवून बसलो होतो. अहिराणीत बोलायचं असंही ठरवलं होतं. पण बापाच्या तोंडून ती भाषा तिला कशी लागेल याचीच भीती वाटली आणि तोंड उघडलं नाही.

“बाकीच्या नका वाचू, नाना.”

“नाही वाचणार.”

ते मी पाळलं. पण पुढच्या रविवारी मशीन जोडून पाहिलं तर नवीन काहीच आलं नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. फोन मात्र ती नेमाने करते.