घाटात अडकलेला कान

माझा डावा कान गेली दोन वर्षं चिखलदऱ्याचा घाट उतरतो आहे. घाटात आपले कान बंद होतात ना, अगदी तसा. मी अमरावतीत घरी बसलेला असतो, कान मात्र घाटातच! शिवाय त्याला आवाज सोसत नाही. वाटीत चमचा पडला की माझ्या डोक्यात हंडा पडतो. डॉक्टर म्हणाले, "सवय करून घ्या." ती मी सोडून घरातल्या सगळ्यांनी करून घेतली. कुकर गच्चीवर गेला. माझी बायको शोभा पापड शेजारणीकडे भाजून आणू लागली (त्यातले चार तिकडेच राहत), आणि मुलगी पल्लवी चिवडा चघळून खायला शिकली.

अशात पल्लवीने स्वतःच अकोल्याचा एक मुलगा पसंत केला आणि त्याचे आईवडील आमच्याकडे यायचं ठरलं. त्यांची पिठाची चक्की. मुलाचे वडील बाबारावजी तीस वर्षं चक्कीच्या घरघरीवर ओरडून बोललेले. त्यांचा रामराम गल्लीच्या तोंडाशी ऐकू येतो, ही माहिती पल्लवीनेच दिली.

"बाबा, फक्त दोन तास. कानाचं नाव काढू नका. आजाराचं घर हाये म्हनतीन ते."

"नाई काढत," मी म्हणालो. पोरीने आजवर माझ्याकडे हट्टाने काही मागितलं नव्हतं.

मग मी अक्कल चालवली. दोन्ही कानांत कापूस कोंबला (आपल्या मुलखात तो काही विकत आणावा लागत नाही) आणि वरून दुपट्टा गुंडाळला. मे महिन्यात वऱ्हाडात डोक्याला दुपट्टा कोणालाच खटकत नाही. घरात, कूलरसमोर बसून बांधलेला खटकतो, हे माझ्या लक्षात आलं नाही.

"ऊन लागलं काय जी याइले?" मुलाच्या आईने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता कांदा मागितला. शोभा माझ्या तळपायाला कांदा चोळते आहे आणि मी सोयरिकीची बोलणी करतो आहे, अशी सुरुवात झाली!

कानात कापूस असला की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. म्हणून मी कुजबुजत होतो. बाबारावजींचे कान चक्कीने पार घालवलेले. त्यांना त्यातलं अक्षर कळेना.

"काय म्हनून राह्यले?" म्हणत त्यांनी खुर्ची पुढे ओढली. तो आवाज कापूस फोडून आत आला. मी खुर्ची मागे घेतली. त्यांनी आणखी पुढे ओढली. मी आणखी मागे. असं करत आम्ही अख्खी बैठक ओलांडली (शोभा कांदा घेऊन मागोमाग), आणि माझी पाठ फ्रिजला टेकली तेव्हा मी दोन्ही हात कानांवर दाबून बसलो होतो.

बाबारावजी उठले. "चाला. याइले सोयरीक मंजूर नाई. मानूस तोंड लपवून बसला, अन् बोलत बी नाई."

पल्लवी आतून धावत आली. डोळे भरलेले. तिने माझा दुपट्टा ओढला, कानातला कापूस काढून सगळ्यांसमोर धरला आणि बाबारावजींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बाबाचा कान दुखते! आवाज सोसत नाई त्याइले."

बाबारावजींनी तो कापूस हातात घेऊन पाहिला. मग हसत खाली बसले. "आंधी काहून नाई सांगतलं? मले काईच ऐकू येत नाई. माया वाट्याचं बी देवानं तुमालेच देल्लं दिसते."

सोयरीक तिथेच पक्की झाली. बँडचा विषय निघाला, तोही त्यांनीच मिटवला. "मले ऐकू येत नाई, तुमाले सोसत नाई. वाजवाचा कोनासाठी?"

लग्न अकोल्यात झालं, इतकं शांत की अक्षता पडलेल्या ऐकू आल्या. मी खूश होतो. मग पाठवणीची वेळ आली, पल्लवी गळ्यात पडली, आणि दोन वर्षं अख्ख्या घराला गप्प बसवणारा हा माणूस भर मांडवात असा काही रडला की विचारू नका!

गाडीपाशी पाठमोरे उभे असलेले बाबारावजी दचकून वळले आणि शोभाला म्हणाले, "विहीनबाई, बँड तं नाई सांगतला होता ना आपन?"