मदरबोर्डच्या तक्त्यातली राहिलेली ओळ

कतारमधल्या मेसईदच्या खत कारखान्यात कंट्रोल पॅनेल कुणाचं घ्यायचं हे सांगण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. तीन कंपन्यांचे कागद येतात, मी त्यांचा तक्ता मांडतो, खोड काढतो, पत्रं पाठवून पुन्हा पुन्हा विचारतो. ही सवय अंगात इतकी मुरली आहे की हा माणूस कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा टेंडर काढेल, असं बायको पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसतात. मला त्यात हसण्यासारखं काय ते कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलीला डेस्कटॉप हवा झाला. कॅनडातल्या एका कॉलेजात अ‍ॅनिमेशनसाठी तिने अर्ज केला होता आणि महिनाअखेरपर्यंत स्वतः केलेली चार मिनिटांची फिल्म पाठवायची होती. फिल्म तयार होती, पण शेवटी कॉम्प्युटरला तिची एकेक चौकट रंगवून काढावी लागते आणि तिचा लॅपटॉप निम्म्यात तापून बंद पडायचा. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेट तिने आठवड्याभरात ठरवून आणवलं. खोकी हॉलमध्ये चपलांच्या स्टँडशेजारी येऊन पडली. फक्त मदरबोर्ड राहिला. तो माझ्यावर सोड, असं मी ऐटीत सांगितलं.

तीन बोर्ड निवडले, तिन्ही वरच्या दर्जाचे. मेसईदला जाता-येता कंपनीच्या बसमध्ये मी त्यांची माहितीपत्रकं वाचू लागलो. पहिल्याची प्रोसेसरला वीज पुरवणारी बाजू भक्कम होती, पण त्यावर साठवणीसाठी दुसरी एसएसडी लावली की ग्राफिक्स कार्डाचा वेग निम्मा होत होता. दुसऱ्यात ती भानगड नव्हती, पण मागे यूएसबीची तोंडं कमी. तिसऱ्यात सगळंच होतं, म्हणून मला त्याचा संशय यायला लागला. कारखान्यात आम्ही पॅनेलमधली पाचवा हिस्सा जागा पुढची सोय म्हणून रिकामी ठेवतो. तो नियम मी इथेही लावला. तक्ता चाळीस ओळींचा झाला. दुकानांना मी ईमेल पाठवले, उत्तरं आली, उत्तरांवर पुन्हा प्रश्न पाठवले. एका दुकानात रत्नागिरीचा एक गृहस्थ होता, त्याने शेवटी फोन करून विचारलं की साहेब, तुम्ही बोर्ड घेताय की त्याची परीक्षा घेताय.

मला झोप नीट लागेना. जेवताना फोन हातात. बायको म्हणाली, "अहो, पोरीचे दिवस वाया चाललेत." मी तिच्यावर खेकसलो. चुकीचा बोर्ड आला तर कोण निस्तरणार, वगैरे. दोह्याच्या मदिनत खलीफा भागातल्या आमच्या घरात मी दोन खोल्यांमध्ये नुसता येरझारा घालत होतो. का ते मला धड सांगता आलं नसतं.

शुक्रवारी दुपारी मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि तक्ता दाखव म्हणाली. मी खूश झालो. तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा वाचला, पुन्हा वर गेली, काहीतरी शोधल्यासारखं केलं.

"डॅड, व्हेअर इज द डिलिव्हरी डेट?"

मी पाहिलं. नव्हती. माल कधीपर्यंत हवा, ही आमच्या प्रत्येक तक्त्यातली पहिली ओळ असते. ती राहिली म्हणून मी कितीतरी नव्या इंजिनिअरांचे कागद परत पाठवले आहेत. इथे चाळीस ओळी भरल्या आणि तीच लिहिली नाही.

तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते ती इंग्रजीत. त्या दिवशी मराठीत बोलली.

"बाबा, मी जाऊ नये असं वाटतंय का तुला?"

माझ्या तोंडून 'नाही' असंच येणार होतं. पण तक्ता समोर उघडा होता. मी हो म्हणालो. लाज वाटली. तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी सर्वांत वर नवी ओळ घातली आणि तिच्यात माझ्या हाताने तारीख लिहिली. पाच दिवस उरले होते.

सगळ्यात जास्त गुण मिळालेला तिसरा बोर्ड यायला तीन आठवडे लागणार होते. दुसरा रत्नागिरीवाल्याच्या दुकानात होता. त्याने खोकं काउंटरवर ठेवलं, मी उघडून तपासायला गेलो, तर तो म्हणाला, "यल्ला, चला साहेब, खलास, आता घरी न्या."

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघांनी जुळणी केली. प्रोसेसर तिने बसवला, स्क्रू मी आवळले. मेमरीच्या दोन जागा रिकाम्या राहिल्या, तेवढा माझा नियम तिने पाळू दिला. दुपारी फिल्मचं काम सुरू केलं आणि संध्याकाळच्या चहाच्या वेळी ती पूर्ण झाली होती.

फिल्म मी तोवर पाहिली नव्हती. पहाटेचा रस्ता, दिव्याखाली हातात डबा घेतलेला एक माणूस. तो घड्याळ बघतो, बस येते, तो चढतो. पुन्हा पहाट, पुन्हा तोच माणूस, कधी स्वेटरमध्ये, कधी घामाने भिजलेला. प्रत्येक वेळी वरच्या मजल्यावरच्या खिडकीत एक मुलगी हात हलवते. आधी ती खिडकीच्या कठड्याएवढी आहे, मग मोठी होत जाते. माणूस एकदाही वर बघत नाही.

डबा माझा होता. त्याच्या झाकणाला पडलेला पोचासुद्धा तिने काढला होता.

"तू एवढ्या पहाटे उठायचीस?" मी विचारलं.

"रोज," ती म्हणाली.